खुलासा : एफटीझेड अडॅप्टर आणि जुन्या निकॉन लेन्स

‘एफटीझेड अडॅप्टर घ्या, निकॉनची कुठलीही जुनी लेन्स झेड कॅमेऱ्यावर ऑटोफोकस करेल,’ हा मेसेज फिरतोय. (एफटीझेड म्हणजे निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या लेन्स नव्या झेड मिररलेस कॅमेऱ्यांवर बसवणारा जोड; ऑटोफोकस म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप फोकस करणं.) सुरुवात माझ्याच पोस्टपासून झाली, म्हणून खुलासाही मीच करतो. ते चूक आहे.

लेन्स बसते, हे खरं. १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्ये माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी अंतर. २०१८ च्या झेडमध्ये फक्त १६. मधली जागा अडॅप्टर भरून काढतो. पण एएफ-डी या निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्सना स्वतःची मोटर नसते. एफ माउंटच्या कॅमेऱ्यातली मोटर एका बारीक स्क्रूने त्यांचा फोकस फिरवते. ती मोटर झेड कॅमेऱ्यात नाही, एफटीझेडमध्ये नाही आणि २०२१ च्या एफटीझेड-२ मध्येही नाही.

काल माझी ५० मिमी १.८ डी ही एएफ-डी लेन्स लावून पाहिली. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) अचूक, फोकस मात्र हातानेच. (पोस्ट लिहिण्याआधीच पाहायला हवं होतं!)

लेन्स उलटी करून बघा. धातूच्या कड्यात स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच दिसली, तर ऑटोफोकस विसरा. स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स मात्र ऑटोफोकससह चालतात.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.