आगी डेनेथॉरनेच पेटवल्या होत्या

परवा रात्री भाचीने एक रील पाठवली. ‘फँटसीतला सगळ्यात नालायक राजा’ असं शीर्षक आणि खाली टॉल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या तीन खंडांच्या कादंबरीतल्या, गाँडोर राज्य चालवणाऱ्या डेनेथॉरचा फोटो. तिचे दोन खंड नुकतेच वाचून झालेत, तिसरा उघडायचाय. सोबत प्रश्न होता, “मावशी, हा एवढा वाईट असेल तर याची प्रकरणं गाळली तर चालतील का?” ती रील तोवर आमच्या तीन ग्रुपांवर येऊन गेली होती. मी दुर्लक्ष केलं होतं. हा प्रश्न वाचल्यावर मात्र राहवेना.

रीलचं म्हणणं थोडक्यात असं. शत्रू दारात आला तरी याने मदत मागितली नाही. याला गादी बळकवायची होती. हा त्याच शत्रूचा, म्हणजे दुष्ट सॉरॉनचा, गुलाम झाला. पोटच्या पोराला मरायला पाठवून स्वतः जेवत बसला. आणि म्हणे, राज्यकर्ता कसा नसावा हे दाखवायला टॉल्कीनने हे पात्र लिहिलं.

हे सगळं या कादंबरीवरच्या २००३च्या चित्रपटावरून उचललंय. चित्रपट मलाही आवडतो आणि त्यात डेनेथॉर झालेल्या जॉन नोबलने काम चोख केलंय. पण मग चित्रपटाचं नाव घ्या ना! टॉल्कीनच्या नावावर का खपवता?

मदतीचंच बघा, कारण सगळ्यात खोटं तेच आहे. चित्रपटात डेनेथॉर हटून बसतो आणि बुटक्या हॉबिट जमातीतला पिपिन चोरून वर चढून इशाऱ्याची आग पेटवतो. पुस्तकात पिपिन अजून शहरात पोचलेलाही नसतो. जादूगार गँडाल्फच्या घोड्यावर, रात्रीच्या अंधारात, त्याला लांबवर डोंगरावर लाल उजेड दिसतो आणि तो घाबरतो. गँडाल्फ एकेका शिखराचं नाव घेत सांगतो, की गाँडोर मदत मागतंय. तेवढ्यात तीन घोडेस्वार भुतासारखे शेजारून पश्चिमेकडे निघून जातात. म्हणजे कुणी सल्ला द्यायला यायच्या आधीच आगी पेटल्या होत्या. शेजारच्या रोहानचा राजा थेओडेन याच्याकडे, मदतीची खूण म्हणून, लाल बाण घेऊन दूतही डेनेथॉरचाच गेला. दक्षिणेच्या सरदारांनाही बोलावणं गेलेलं होतं. पिपिन वेशीवर उभा राहून त्यांच्या तुकड्या येताना बघतो तो प्रसंग मला फार जवळचा आहे. म्हातारा, जाडजूड फोरलाँग लॉसरनाखहून येतो तो जेमतेम दोनशे माणसं घेऊन, आणि लोक हळहळतात, की दहापट येतील असं वाटलं होतं. सगळे मिळून तीन हजारही भरत नाहीत, कारण शत्रूचं काळ्या शिडांचं आरमार किनाऱ्यावर चालून येत असतं आणि प्रत्येकाला आपलं घर राखायचं असतं. बायका-मुलांच्या गाड्याही वेढा पडण्याआधीच शहराबाहेर निघालेल्या असतात. मदत न मागणाऱ्या माणसाची तयारी अशी असते का?

गादीचं म्हणाल तर डेनेथॉर राजा नाहीच. तो कारभारी आहे. सिंहासन वर रिकामं, आणि हा पायऱ्यांच्या खाली काळ्या दगडाच्या साध्या खुर्चीवर. त्याचा थोरला मुलगा बोरोमिर लहानपणी विचारतो, राजा परत आलाच नाही तर किती वर्षांनी कारभारी राजा होतो? बाप सांगतो, हलक्या घराण्यांत थोड्या वर्षांत होत असेल, गाँडोरमध्ये दहा हजार वर्षंही पुरायची नाहीत. हां, गादीचा वारस आरागॉर्न याच्यापुढे मान झुकवायला तो तयार नव्हता, हे खरं. शेवटी तो ते तोंडाने बोलतोही आणि ते ऐकायला चांगलं वाटत नाही. एवढं मान्य.

आता गुलामीचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त झोंबला तो हाच. १९८०मध्ये ख्रिस्तोफर टॉल्कीनने वडिलांचं अप्रकाशित लेखन ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये छापलं. त्यात पालान्टीर या दूरदर्शी दगडांवर एक टिपण आहे. ज्याला डेनेथॉरबद्दल बोलायचंय त्याने आधी ते वाचावं. सारुमान या दुसऱ्या जादूगाराने दगडात पाहिलं आणि तो सॉरॉनचा चाकर झाला. डेनेथॉरनेही पाहिलं, पण तो शेवटपर्यंत सॉरॉनच्या विरोधातच राहिला. एक तर त्याची इच्छाशक्ती जबर, आणि कारभारी म्हणून दगडावर त्याचा हक्क होता. सॉरॉनला त्याला वाकवता आलं नाही. म्हणून त्याला फक्त निवडक दृश्यं दिसू दिली. दिसलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. धाकट्या मुलाला, फारामिरला, जखमी अवस्थेत आणतात त्या रात्री डेनेथॉर मनोऱ्यात एकटा वर जातो. अरुंद खिडक्यांतून फिकट उजेड लुकलुकतो आणि विझतो. खाली येतो तेव्हा त्याचा चेहरा तापाने फणफणलेल्या मुलापेक्षाही जास्त मेलेला असतो. त्याने काळी शिडं पाहिलेली असतात. त्या जहाजांवर आता आरागॉर्न आहे, हे त्याला दिसलेलंच नसतं. ही शोकांतिका आहे, गद्दारी नव्हे!

जेवणाचा प्रसंग पुस्तकात नाहीच, विषय संपला. हा एकोणनव्वद वर्षांचा म्हातारा काळ्या झग्याखाली चिलखत घालून वावरतो आणि कित्येक वर्षं त्यातच झोपतो, शरीर सुखावू नये म्हणून. फारामिरला पाठवण्यामागेही, लढल्याशिवाय नदी सोडायची नाही असा हिशेब होता. परतताना त्याच्या मदतीला स्वारही याच्याच हुकमाने बाहेर पडले.

पण फारामिरशी तो निष्ठुर वागला, याला मी नाही म्हणणार नाही. मेलेल्या बोरोमिरचं दुभंगलेलं शिंग मांडीवर घेऊन बसलेला बाप जिवंत मुलाला तोंडावर सांगतो, की त्याच्या जागी तू गेला असतास तर बरं झालं असतं. आणि शेवटी त्याच मुलाला जिवंतपणी चितेवर घेऊन झोपायला निघतो. गँडाल्फ फारामिरला वाचवायला थांबतो आणि तिकडे रणांगणावर माणसं मरतात. याचं समर्थन मी करत नाही, कुणी करूही नये. मात्र आधीची पस्तीस वर्षं, बायको गेल्यावरची एकट्याची वर्षं, रोज पूर्वेकडे, सॉरॉनच्या मुलुखाकडे, बघत काढलेली, हे सगळं गाळून फक्त ती शेवटची रात्र दाखवायची, हे मला पटत नाही.

तो मेल्यावर त्या दगडात बघणाऱ्याला फार मोठं मनोबल नसेल तर एकच दृश्य दिसतं. आगीत करपणारे दोन म्हातारे हात.

भाचीला मी एवढंच लिहिलं, की एकही प्रकरण गाळू नकोस. तिसऱ्या खंडाचं पहिलंच प्रकरण काढ आणि गँडाल्फ किती शिखरांची नावं घेतो ते मोज. सकाळी तिचा मेसेज आला, “सात.”