नवीन सिस्टर, आधी पेनं घे

अभिनंदन गं! जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, तीन वर्षं संपली, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, आईने ते देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि मामाने व्हॉट्सॲपला "आमची डॉक्टरीणबाई" असं स्टेटस पण टाकलं. आता नोकरीला लागायचं तर काय काय लागतं ते कॉलेजात कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते, फुकटात.

पहिलं म्हणजे पेनं घे. एक नाही, डझनभर. राउंडला डॉक्टर येतात, गळ्यात महागाचा स्टेथो असतो पण खिशात पेन नसतं, मग "सिस्टर, पेन?" करून हात पुढे येतो आणि तुझं पेन जे जातं ते जातंच. मागायचं नाही परत, चांगलं दिसत नाही ते.

तुला स्वतःला पेन लागणार सह्या करायला. पहिली सही बाँडवर. दोन वर्षं सोडून जाणार नाही आणि गेलीस तर एवढे एवढे पैसे भर. सोबत ओरिजिनल मार्कशीटा जमा करायच्या, त्या म्हणे तिथे "सेफ" राहतात. खरंच राहतात गं, माझी बारावीची मार्कशीट इतकी सेफ होती की सोडवायला मला तीन महिने खेटे घालावे लागले.

पगाराचं विचारू नको, सेवा आहे ही. अगदीच राहवलं नाही तर असं कर, 2016 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणून केंद्राने समिती नेमली होती आणि तिने लिहून दिलं की 50 बेडच्या आतलं हॉस्पिटल असलं तरी नर्सला महिना 20,000 च्या खाली नको, आणि 200 च्या वर बेड असतील तर पगार सरकारी नर्सइतका हवा, हे इंटरव्ह्यूला मोठ्याने म्हणून बघ. एचआर मॅडम इतक्या मायेने हसतील की तुलाच लाज वाटेल. शिफारस आहे ना ती फक्त, आणि शिफारशीवर सही तुझी थोडीच आहे.

आता नाइट. रात्री 8 ते सकाळी 8. इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या हिशोबाने जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, आपल्याकडे पंचवीसमागे एक, पण तू रडू नको, वॉर्डातल्या आया, म्हणजे मावशी, आहेत की सोबतीला. त्या बारा वाजता चादर अंथरतात आणि मग साडेपाचपर्यंत तू आणि तुझे पंचवीस. त्यातले आठ सलाईनवर. 500 एमएल आठ तासांत द्यायची, सेट एमएलला 20 थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब, घड्याळ समोर धरून मोजून तू नळीवरचा रोलर सेट करतेस आणि पुढच्या बेडला वळतेस तोवर पेशंटचा भाऊ उठून रोलर पूर्ण मोकळा करतो कारण "लई हळू चालली होती सिस्टर, म्हणून मीच वाढवली". त्याला रागावायचं नाही. तो मॅनेजमेंटला ओळखतो. सगळ्यांचेच भाऊ मॅनेजमेंटला ओळखतात.

टीपीआर-बीपीचा (ताप, नाडी, श्वास, रक्तदाब) चार्ट पहाटे चारलाच भरून टाक, सगळ्यांचं 120/80, पल्स 78. ऐंशी वर्षांचे आजोबा 120/80, सिझरवाली 120/80. इतका ठणठणीत वॉर्ड बघून कोणाला आनंद होणार नाही? फक्त एखादा पेशंट सकाळी गार पडलेला सापडला तर चार्टवर सही कोणाची आहे ते सगळ्यांना एकदम वाचता येतं, एरवी अक्षर कोणाला लागत नाही.

रात्री दोनला औषध विचारायला फोन केलास की डॉक्टर झोपेतच सांगतील, "दे ना सिस्टर, सकाळी लिहितो मी." तू द्यायचं. सकाळी ते म्हणतात, "मी? मी कधी सांगितलं?" असं झालं की ओशाळून हसायचं, प्रॅक्टिस कर आरशासमोर. (पोटॅशियमची अँप्युल मात्र कोणी कितीही मोठ्या माणसाने फोनवर सांगितली तरी सरळ व्हेनमध्ये पुश करायची नाही. हे उपरोधाने नाही म्हणत, हार्ट थांबतं.)

पेशंटला वापरलेली सुई तुला टोचली तर गप्प बस. साबणाने धुवायचं, लगेच कळवायचं, एचआयव्हीचं औषध लागणार असेल तर शक्यतो दोन तासांत, फारच झालं तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं, हे सगळं आपण परीक्षेत लिहितो. वॉर्डात कळवलंस की इन्चार्जचा पहिला प्रश्न असतो "ग्लोव्हज घातले होतेस का", आणि ग्लोव्हजचा बॉक्स कुठे असतो तर त्यांच्याच कपाटात, कुलपात, महिनाअखेरीला कमी पडू नयेत म्हणून. इन्सिडेंट फॉर्मवर सही तुझीच.

पण तुझी कदर होत नाही असं समजू नको हां. 12 मेला नर्सेस डे असतो. गुलाबाचं फूल मिळतं, मेणबत्ती धरून फोटो निघतो, फोटोत मधोमध ट्रस्टी. केक कापतात दुपारी, त्यामुळे नाइटवालीला क्रीम वाळलेला तुकडा मिळतो, झाकून ठेवलेला असतो मात्र, मावशीने.

आणि डिस्चार्जच्या दिवशी पेढ्याचा बॉक्स डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातो, तुझ्याकडे येतो तो भाऊ, तोच रोलरवाला. हातात फीडबॅक फॉर्म, "नर्सिंग स्टाफबद्दल तक्रार" असा रकाना असतो ना त्यावर बोट ठेवलेलं, आणि म्हणतो, "सिस्टर, पेन आहे का जरा?"

दे त्याला. डझनातलं शेवटचं असेल ते.