दुसऱ्या मिलिशियाने समोरच्याचं काहीच जात नाही

गेल्या रविवारी डोमिनियन (पानं विकत घेत आपला डेक, म्हणजे पानांचा गठ्ठा, उभा करायचा खेळ) खेळताना भाचीने एकाच टर्नमध्ये लागोपाठ दोन मिलिशिया, म्हणजे समोरच्याला हातातली पानं टाकायला लावणारी अटॅक कार्डं, खेळली आणि मला म्हणाली, "मावशी, अजून दोन पानं टाक." माझ्या हातात तीनच पानं उरली होती. मी विचारलं, कशी टाकू? तर तिने मोबाइलच पुढे केला. ‘डोमिनियन जिंकायचे पाच हमखास नियम’ असा मेसेज. मलाही त्याच आठवड्यात दोन वेगवेगळ्या ग्रुपवर आला होता, मी न वाचता सोडून दिला होता. हिने मात्र तो मनावर घेतला, चार मिलिशिया विकत घेतले, ओळीने तीन डाव हरली आणि "मला हा खेळ जमतच नाही" म्हणून रुसून बसली. तिला खेळ चांगला जमतो. मेसेज चुकीचा आहे.

मेसेज थोडक्यात असा: अटॅक कार्डं मिळतील तेवढी घ्या. मिलिशिया एका टर्नमध्ये जितके टाकाल तितकी समोरच्याची पानं दोन-दोनने जातात. विच शेवटी घ्या, म्हणजे समोरच्याला सावरायला वेळ मिळत नाही. सगळ्यात भारी अटॅक म्हणजे थीफ. आणि कुणाकडे मोट, म्हणजे अटॅक अडवणारं कार्ड, असेल तर अटॅकचा नादच सोडा.

आधी मिलिशिया. कार्डावर लिहिलंय काय? तुम्हाला दोन नाणी, आणि बाकी प्रत्येकाने हातात तीन पानं उरेपर्यंत टाकायची. ‘दोन पानं टाका’ असं त्यावर कुठेही नाही. पाचाची तीन झाली की काम संपलं. दुसरा टाका, तिसरा टाका, तुम्हाला दोन-दोन नाणी मिळतील, समोरच्याला ओरखडाही नाही. त्यातही एका टर्नमध्ये मुळात एकच ॲक्शन कार्ड खेळता येतं, आणि मिलिशिया त्यातलंच. जास्तीच्या ॲक्शन देणारं व्हिलेजसारखं कार्ड हाताशी नसेल तर दुसरा मिलिशिया हातात नुसता पडून राहतो. भाचीचं आधीच्या दोन डावांत हेच झालं: दोन मिलिशिया, दोन कॉपर (प्रत्येकी एक नाणं), एक इस्टेट (नाणं नाही, नुसते गुण). एक मिलिशिया खेळून चार नाणी झाली. दुसऱ्याच्या जागी दोन नाण्यांचं साधं सिल्व्हर असतं तर सहा होऊन गोल्ड आलं असतं.

मिलिशिया लागतो कुठे, ते मेसेजमध्ये आलेलंच नाही. सुरुवातीला प्रत्येकाकडे सात कॉपर आणि तीन इस्टेट. हातात तीन कॉपर, दोन इस्टेट असतील तर मी दोन्ही इस्टेट टाकून देईन, माझं एका नाण्याचंही नुकसान नाही. पण पुढे डेक सुधारल्यावर बघा. सगळ्यात जास्त गुणांच्या प्रॉव्हिन्सला आठ नाणी लागतात. नुसत्या पैशाच्या तीन पानांत आठ जमवायचे तर दोन गोल्ड (प्रत्येकी तीन नाणी) आणि एक सिल्व्हर लागतं, त्याखाली जमतच नाही. म्हणून एक मिलिशिया, फार तर दोन, पण दर टर्नला एक हातात येईल अशा बेताने. तो प्रत्येक टर्नला टाकलात तर समोरचा आठपर्यंत पोचायला झगडतो. एकाच टर्नमध्ये चार टाकून ते साधत नाही.

विचचा सल्ला याहून वाईट, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. विच तुम्हाला दोन पानं देते आणि बाकी प्रत्येकाला एक कर्स. कर्सचा एक गुण वजा होतो, पण खरं नुकसान ते नाही. डेक बारा पानांचा असताना आलेला कर्स दर दोन-तीन टर्नला हातात येतो आणि पाचातली एक जागा अडवतो, डाव संपेपर्यंत. तोच कर्स शेवटी दिला तर पानं पुन्हा पिसून तो हातात यायची वेळच येत नाही. गुण एकच जातो, बस. शिवाय कर्स मोजकेच असतात: दोघांत दहा, तिघांत वीस, चौघांत तीस. दोघांच्या डावात समोरच्याने लवकर विच घेतली आणि सात कर्स तुमच्या गळ्यात घातले, तर तुमच्या विचला द्यायला तीनच उरतात. विच पाच नाण्यांची. पहिल्या दोन टर्नमध्ये पाच नाणी सहापैकी एखाद्याच डावात मिळतात, म्हणून दोन सिल्व्हर घेऊन तिसऱ्या-चौथ्या टर्नला ती गाठायची. शेवटपर्यंत थांबायचं तर ती घेऊच नका.

थीफवर फार लिहायची गरज नाही. तो समोरच्याच्या डेकची वरची दोन पानं उघडतो आणि त्यातलं एक पैशाचं पान कायमचं बाद करतो. बहुतेक वेळा ते कॉपर निघतं. कॉपर जाणं म्हणजे समोरच्याचा डेक फुकटात साफ होणं, त्यासाठी तर लोक नाणी मोजून नको ती पानं बाद करणारं चॅपेल घेतात. मूळ खेळ 2008चा. 2016च्या दुसऱ्या आवृत्तीत थीफ काढूनच टाकला आणि बॅन्डिट आणला. बॅन्डिट कॉपरला हात लावत नाही आणि तुम्हाला एक गोल्डही देतो. खुद्द बनवणाऱ्यांनी जे कार्ड पेटीतून काढलं ते ‘सगळ्यात भारी’ म्हणून मुलांना सांगायचं?

मोटबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करते. मोट हातात असताना दाखवला की अटॅक त्या माणसाला लागत नाही. पण तो हातात असावा लागतो. पंधरा पानांच्या डेकमध्ये एकच मोट असेल तर तो तीनदा एकदा हातात सापडतो. उरलेल्या दोन वेळा अटॅक लागतोच, आणि चौघांच्या डावात बाकी दोघांना तर दर वेळी. सगळ्यांनी दोन-दोन मोट घेतले असतील तर मीही विच घ्यायच्या आधी विचार करेन. आणि लायब्ररी मांडलेली असेल तर मिलिशियाही जपून, कारण लायब्ररीने समोरच्याची तीन पानं सरळ सात होतात.

भाचीला मी मेसेज बाजूला ठेवून मिलिशियाचं कार्ड मोठ्याने वाचायला लावलं. तिने ते दोनदा वाचलं, मग आपल्या डेकमधले तीन मिलिशिया काढून पेटीत ठेवले आणि पानं पिसायला घेतली.