गेमनं दोस्ती तोडली म्हणता, पण कोणाची?

गावच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज फिरला: ‘ऑनलाइन गेम हा जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेला मानसिक आजार आहे. गेम खेळणाऱ्या लेकराला मित्र उरत नाहीत. मैदानं ओस पडली. मोबाईल काढून घ्या, लेकरू आपोआप माणसांत येईल.’ खाली हात जोडलेल्यांची रांग.

आधी आजाराचं. संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, २०२२ पासून लागूही आहे. पण खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकी सगळं मागं पडलं, नुकसान दिसतंय तरी खेळ सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय, अशा लेकराबद्दल ते आहे. सुट्टीत तासभर फ्री फायर मॅक्स खेळणारं त्यात येत नाही.

आता मित्रांचं. आमचा बीड जिल्ह्यातला केज तालुका. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या की वर्गातली बाकं रिकामी होतात. माझ्या भाच्याचा जिगरी दोस्त आईबापाबरोबर सांगलीकडं उसाच्या फडावर, चुलतभाऊ लातुरात ट्यूशनसाठी खोली करून. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, तिघांनी भेटायचं कुठं? फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रेंज आलीच तर रात्री स्क्वॉडमध्ये, म्हणजे गेममधल्या चौघांच्या टीममध्ये. मी कान देऊन ऐकलंय. निम्मा वेळ ‘मागून आला, मागून आला!’ आणि निम्मा वेळ शेळी व्याली का, मास्तरांनी किती शिकवलं. चौथा गडी कमी पडला की कुठलं तरी अनोळखी पोरगं आत येतं. तिथं मात्र घरच्यांनी लक्ष घालावं. मेसेजमध्ये नेमकं तेवढंच नाही.

मैदान? मे महिन्यात दुपारी मैदानावर मेसेज लिहिणाऱ्यानंच जाऊन दाखवावं. ऊन उतरलं की तीच पोरं तिथं क्रिकेट खेळतात.

आणि मोबाईल काढून घेण्याचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं पबजीच बंद केला होता. आमच्या गल्लीतली पोरं माणसांत आली नाहीत, दुसऱ्या गेमवर गेली.

दोस्ती तुटते, नाही असं नाही. पण ज्याच्या हातात फोन नाही त्याची. माझ्या भाचीचंच घ्या: घरात एकच फोन, तो भावाकडं. सकाळी शाळेच्या वाटेवर पोरांच्या घोळक्यात रात्रीच्या मॅचच्या गप्पा रंगतात आणि भाची दोन पावलं मागं चालते. परवा तिनं हळूच विचारलं, “मामा, रिव्हाइव्ह म्हंजे काय करतेत?”