मामांची डार्बीशर-वसुली

विलायतेतल्या मराठी माणसाकडे पाहुणे येतात ते मे महिन्यात, आणि येताना सांगतात की लंडन बघायचंय. लंडनचा त्रास नाही. पाहुण्यांना गाडीत बसवून द्यावं, लंडन आपलं आपण दिसतं. खरा प्रश्न त्यानंतरचा. सकाळी सातला आंघोळ, पूजा, चहा आटोपून, स्वेटरवर कानटोपी चढवून दोन माणसं सोफ्याच्या कडेवर बसलेली असतात. पायांत बूटसुद्धा घातलेले. "मग, आज कुठं?"

आम्ही राहतो डार्बीत, म्हणजे डार्बीशर परगण्यात. मामींनी आल्या आल्या समुद्र किती लांब आहे म्हणून विचारलं. अख्ख्या ब्रिटनमध्ये समुद्रापासून सगळ्यात लांब पडणारं गाव, कोटन इन द एल्म्स, नेमकं आमच्याच परगण्यात आहे. हे सांगावं की गिळावं या विचारात मी असतानाच मामा म्हणाले, "असू दे. रावेरला तरी कुठं समुद्र आहे?" मामांचा हा मोठा गुण. नसलेल्या गोष्टीचं ते दुःख करत नाहीत. असलेल्या गोष्टीला किती पडतात, तेवढं विचारतात.

आणि इथं पुष्कळ पडतात. इंग्रज सरदारांचे वाडे बघायचे तर दारातच माणशी पौंड मोजावे लागतात. मामांनी पौंडाचे रुपये केले असते तर मी समजू शकलो असतो. पण मामा रावेरचे केळीवाले, ते थेट केळीचे घड करत. रोज पहाटे मुलाला फोन लावून बुऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव विचारायचा आणि त्या भावानं डार्बीशरचा दर काढायचा. भाव चढला त्या दिवशी आमचा परगणा स्वस्त व्हायचा. एरवी, "दोघांचे मिळून एवढे घड? आणि आत आहे काय, तर खुर्च्या!"

शेवटी मी नॅशनल ट्रस्टचं वर्षाचं सभासदत्व घेऊन टाकलं, चौघांचं. 1895 साली स्थापन झालेली ही संस्था जुने वाडे, बागा, डोंगर सांभाळते. कार्ड दाखवलं की दारात तिकीट नाही, आणि त्यांच्या गाडीतळांवर पार्किंगही फुकट. मामांनी लगेच डायरी काढली. डाव्या पानावर 'नावे' लिहून सभासदत्वाची रक्कम टाकली. उजवं पान 'जमा'साठी कोरं ठेवलं आणि टोपण लावता लावता म्हणाले, "वसूल झाल्याशिवाय मी विमानात बसत नाही."

बायकोला त्याच आठवड्यापासून ऑफिसात जादा काम आलं.

सुरुवात कॉक ॲबीपासून झाली. हा वाडा हार्पर-क्रू घराण्याचा. या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या काहीही टाकून दिलं नाही. पेंढा भरलेले पक्षी, शिंगं, शंखशिंपले, बाहुल्या, मोडकी टेबलं, सगळं एकावर एक. मालकांपैकी सर व्हॉन्सी नावाचे गृहस्थ घरातल्याच माणसांशी चिठ्ठ्या पाठवून बोलत, असं सांगतात. त्यांच्या हयातीत आवारात मोटारीला बंदी होती. वीज आली 1962 साली. पुढं 1985 मध्ये वाडा ट्रस्टकडे आला तेव्हा ट्रस्टनं ठरवलं, पडझड थांबवायची पण सजवायचं नाही. पोपडे आलेला रंग तसाच, भिंतीवरचा लोंबणारा कागद तसाच. थोडक्यात, आमच्या मामींचा माळा, फक्त तिकीट लावलेला.

मामींच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "बघा," त्या मामांना म्हणाल्या, "आणि मी दोन पितळी डबे ठेवले तर तुम्ही घर डोक्यावर घेता!" एका खोलीत काचेआड एक भव्य पलंग आहे, चिनी रेशमी पडद्यांचा. वाडा ताब्यात घेताना तो खोक्यांत भरलेलाच सापडला. त्यामुळे कापडाचे रंग अजून कोरे करकरीत. मामींनी तो डोळे बारीक करून पाहिला आणि निकाल दिला, "लग्नात आलेला आहेर. पुढं कुणाला तरी द्यायचा म्हणून फोडला नसणार."

मी हसलो. पण मामींनी खूण केल्यावर विचारावं लागलं. खोलीतल्या आजीबाई म्हणाल्या, हो, 1734 सालच्या लग्नातली भेट असावी, असंच मानतात.

या आजीबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. अशा वाड्यांत प्रत्येक खोलीत एक निवृत्त आजी किंवा आजोबा उभे असतात. गळ्यात ओळखपत्र, हात मागे, चेहऱ्यावर कुणीतरी काहीतरी विचारावं अशी मूक विनवणी. पगार नाही, हौस. इंग्रज पर्यटक त्यांच्याकडे बघून मान हलवतो आणि सटकतो. मामा थांबतात. सगळीकडे. त्यांचे प्रश्नही ठरलेले: जमीन किती एकर? पाणी कुठून? सध्या वारस कोण, आणि त्यांच्यात वाद आहे का? मधे दुभाषा मी. आजीबाई छताच्या नक्षीबद्दल कळवळून सांगताहेत, मामा त्यावर "ते ठीक आहे, पण विहीर?" म्हणताहेत, आणि मी दोघांचंही मन राखेल असं काहीतरी तिसरंच दोन्ही भाषांत बोलतोय. घरी आल्यावर माझा जबडा दुखायचा.

हार्डविक हॉलला हे प्रकरण हाताबाहेर जायला आलं. हार्डविक म्हणजे काचाच काचा. भिंतीपेक्षा काच जास्त, अशी त्याच्यावर इंग्रजीत म्हणच पडली आहे. 1590 च्या दशकात, काच हा श्रीमंती थाट होता तेव्हा, बेस ऑफ हार्डविक या बाईंनी तो बांधला आणि गच्चीच्या बुरुजांवर दगडात स्वतःची आद्याक्षरं कोरून ठेवली, लांबूनही वाचता येतील एवढी. बाईंची चार लग्नं झाली आणि दर लग्नागणिक इस्टेट वाढत गेली. मामींनी ते मला दोनदा सांगायला लावलं. "चारही वेळा वाढलीच?" मग बराच वेळ त्या बाईंच्या तसबिरीसमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मामांनी "चल" म्हटलं तर म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं."

मामा पुढं झाले, तिथंच घात झाला. या वाड्यांत खुर्चीवर 'बसू नये' अशी पाटी लावत नाहीत. ते असभ्य दिसतं. त्याऐवजी गादीवर एक वाळकं काटेरी बोंड ठेवतात. ज्यानं त्यानं काय ते समजायचं. मामांना समजलं ते असं की कुणाचं तरी पडलं आहे. त्यांनी बोंड उचललं, खुर्चीवर फुंकर मारली, बोंड उजेडात फिरवून पाहिलं, "बी आहे रे याच्यात," म्हणाले आणि ते शर्टाच्या खिशात टाकून बसायला वाकले. इंग्रज बाई ओरडत नाही. ती फक्त "ओह" म्हणते. पण त्या "ओह"मध्ये चारशे वर्षांची खुर्ची होती. मामा वाकलेल्या अवस्थेत थिजले. मी माफी मागितली, बोंड परत केलं. बाईंनी ते गादीच्या बरोबर मध्यावर ठेवलं आणि अत्यंत गोड आवाजात मामांना विचारलं, आपल्याला झाडांची आवड आहे का? मामांना प्रश्न कळला नाही, सूर कळला. खिशातून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि त्या रुमालातूनही दोन बिया पडल्या.

जेवणाचा प्रश्न मामींनी पहिल्याच आठवड्यात निकालात काढला होता. वाड्याच्या तबेल्यात चहाचं दुकान असतं, तिथं स्कोन नावाची कोरडी वडी, साय आणि जॅम मिळतं. मामींनी एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा असा डबा सुरू झाला. इंग्लंडात जून महिना असल्यामुळे पाऊस असतोच. गाडीतळावर ओळीनं उभ्या गाड्या, प्रत्येक गाडीत एक इंग्रज जोडपं काचेवरचं पाणी बघत मुकाट्यानं सँडविच खातंय, आणि मधे आमची गाडी, काचा आतून धुरकट, मामा बुक्कीनं कांदा फोडताहेत. तो वास माझ्या गाडीतून अजून गेलेला नाही.

ईमलाही गेलो. 1665-66 च्या प्लेगमध्ये साथ बाहेर पसरू नये म्हणून हे गाव आपल्या वेशीत बंद होऊन राहिलं. बाहेरचे लोक हद्दीवर धान्य ठेवत आणि गावकरी व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी ठेवून ते उचलत. मामी एका घराबाहेरची मेलेल्यांच्या नावांची पाटी वाचून गप्प झाल्या. मामांनी त्या दिवशी डायरी उघडली नाही. चर्चला तिकीट नव्हतं.

डायरीतली सगळ्यात आवडती नोंद मात्र मॅम टॉरची. 517 मीटरचा डोंगर, पार्किंग ट्रस्टचं, त्यामुळे जमा. डोंगराची एक कड सतत घसरत असते. तिच्यावरून जाणारा हमरस्ता दुरुस्त करून करून सरकार थकलं आणि 1979 साली तो कायमचा बंद केला. आता लोक मुद्दाम तो मोडका रस्ता बघायला चालत जातात. डांबराचे थरावर थर, मधली पांढरी रेघ एका जागी तुटून पुरुषभर खाली पुन्हा सुरू झालेली. मामांनी कॅमेरा फिरवत फिरवत चित्रफीत काढली आणि गावच्या ग्रुपवर टाकली, "इंग्लंडमधील रस्ता, पर्यटनस्थळ." मिनिटभरात उत्तर आलं, "कोणता, सावद्याचा का?" मामा त्यानं जराही खचले नाहीत. परतीच्या वाटेवर गंभीरपणे म्हणाले, "आपलं चुकतं कुठं सांगू? आपण दुरुस्त करत बसतो. सोडून द्यायचा, आणि बाजूला पार्किंग लावायचं."

अशा रीतीनं वसुली होत आली होती. राहिलं होतं चॅट्सवर्थ. डार्बीशरला येऊन चॅट्सवर्थ न बघणं म्हणजे पाप, पण ते कार्डात बसत नाही. ते ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या घराण्याचं. त्याचा कारभार वेगळाच ट्रस्ट बघतो. हे मी गाडी निम्म्या वाटेवर आल्यावर सांगितलं. "वळव," मामा म्हणाले.

माझ्याकडे एक हुकमी पान होतं. "मामा, तुमच्या केळीचं नाव इथलं आहे."

मामांनी खिडकीची काच वर केली. मी सांगत गेलो. 1830 च्या दशकात मॉरिशसकडचं एक केळीचं रोप इथं आलं. ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन, यानंच पुढं लंडनचा क्रिस्टल पॅलेस बांधला, त्यानं ते काचघरात वाढवून फळाला आणलं आणि मालकाच्या आडनावावरून त्याला कॅव्हेंडिश म्हटलं. पुढच्या शतकात जगाच्या बाजारातली ग्रो मिशेल जात पनामा रोगानं झोपवली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आपली जुनी बसराई काय, आताची टिश्यू कल्चरची ग्रँड नैन काय, सगळी त्याच कुळातली.

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण मामांच्या पाकिटात असतं. त्यांनी पाकीट चाचपलं. "म्हणजे झाड मॉरिशसचं, राबला माळी, आणि सातबाऱ्यावर नाव ड्यूकचं," ते म्हणाले. "चल. बघू तरी."

तिकिटाच्या खिडकीत त्यांनी एकदाही घड केले नाहीत.

बागेत पाऊस होता आणि पावसात कारंजं उडत होतं. 1844 साली रशियाचा झार निकोलस येणार म्हणून ड्यूकनं पॅक्स्टनकडून हे करवून घेतलं. वरच्या माळावर तळं खणलं, नळ टाकले, आणि पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर जवळजवळ 90 मीटर उंच पाणी उडवून दाखवलं. सगळं सहा महिन्यांत. आणि झार आलाच नाही.

"आलाच नाही?" मामी हळहळल्या. "एवढं करून?"

मला मात्र ड्यूकचा हेवा वाटला.

काचघरात केळीपाशी मामा उकिडवे बसले. खोडावरून हात फिरवला, पान उलटं करून करपा आहे का पाहिलं. जवळ उभे असलेले बागेतले एक आजोबा सावध होऊन पुढं आले. हार्डविक आठवून मी मधे पडणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "यांना सांग, पिलं काढलेली नाहीत. एक ठेवायचं, बाकी छाटायची. नाहीतर घड भरणार कसा? आणि विचार, रास किती किलोची बसते?" मी सांगितलं. आजोबांनी खिशातून छोटी वही काढली आणि खरोखर लिहून घेतलं. मग मृगबाग आणि कांदेबाग हे लागवडीचे हंगाम, ठिबक, मे-जूनच्या वादळात आडव्या होणाऱ्या बागा असं सगळं झालं. पाऊण तास मी केळीचं भाषांतर करत होतो. मामी बाकावर बसून शेंगदाण्याचा लाडू खात समाधानानं बघत होत्या.

शेवटी मामांनी आजोबांचा हात हातात घेतला. "यांना सांग, एकदा रावेरला या म्हणावं. खरी बाग दाखवतो. जोडीनं या. आठ दिवस तरी राहिलं पाहिजे. फक्त मे महिन्यात नको, 45 अंश असतं. थंडीत या, थंडीत."

आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी वहीचं नवं पान उघडलं, पेन्सिलीला टोक आहे ना पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

मामींचा लाडू हातातच राहिला होता. त्या बाकावरून उठल्या, माझ्या कोपराला धरून जरा बाजूला ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "तू मे सांग."