एबीएसचा दिवा चौथ्या दिवशी परत का लागला: तुमच्या एक स्टारला उत्तर

नमस्कार दादा. तुम्ही लिहिलंय की एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला म्हणून इलेक्ट्रिक गाडी लातूरला आमच्या गॅरेजमध्ये आणली, सेन्सर बदलून 3,550 रुपये घेतले, चौथ्या दिवशी दिवा परत लागला, मग 'वायर गेली' म्हणून आणखी 1,400 घेतले. पहिल्या 3,550 मध्ये नुसतं मशीन (गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर) लावायचेच 800. आणि 'इलेक्ट्रिक गाडीतलं यांना काही कळत नाही.'

आमची चूक आहे ती आधी सांगतो. मशीनवर कोड आला होता 'पुढचं डावं चाक, स्पीड सेन्सर सर्किट'. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याची वायर आली, कप्लर (वायर जोडायचा प्लग) आला आणि एबीएस युनिटची पिनही आली. आमच्या पोरानं सेन्सरच्या बुडाला गंज बघितला आणि सेन्सरच बदलला. कप्लर काढ-घाल करताना वायर हलली, आत तुटलेली तार तात्पुरती जुळली, दिवा गेला, गाडी तुमच्या ताब्यात दिली. स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून, वायर हातानं हलवत मशीनवर बघायला पाहिजे होतं. ते पहिल्या दिवशी झालं नाही.

तुमचा जुना सेन्सर नंतर टेबलावर तपासला. 12 व्होल्ट दिले, मधे 100 ओहमचा रेझिस्टर टाकला आणि समोरून चुंबक फिरवला. रेझिस्टरवर 0.7 आणि 1.4 व्होल्ट आलटून पालटून येतात, म्हणजे 7 आणि 14 मिलिअँपिअर. सेन्सर ठणठणीत आहे. (जुन्या गाड्यांतल्या कॉइलच्या सेन्सरला ओहम मोजून कळायचं. तुमच्या गाडीतल्या दोन तारांच्या सेन्सरमध्ये चिप असते, त्याला ओहमचं मीटर लावून काही कळत नाही. कुणी तसं मोजून 'सेन्सर गेला' म्हणालं तर पैसे देऊ नका.)

खरा बिघाड शॉकअपजवळ होता. तिथं सेन्सरची वायर एका रबरी क्लिपमध्ये बसते. तुमच्या गाडीत ती क्लिपच नव्हती; शॉकअपचं काम कधीतरी झालेलं दिसतं, तेव्हा परत बसवायची राहिली असावी. वायर लोंबत होती. त्यात पावसाळ्यात पाणंद रस्त्याची काळी माती मडगार्डच्या आत भरते आणि वाळली की विटेसारखी होते. चाक वळलं की ती वायरला ओढते. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतली तांब्याची तार हिरवी पडून तुटलेली. चाकं सरळ असताना मीटरवर एक ओहमच्याही आत, स्टेअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं की सर्किट ओपन, म्हणजे तार सुटलेली. तुमचा दिवा वळणावरच लागायचा तो याच्यामुळं.

'तुटलेल्या तारेला नुसता डाग (सोल्डर) मारून का दिला नाही' असंही तुम्ही विचारलंय. जिथं वायर सतत वाकते तिथं डाग मारला की तार ताठ होते आणि डागाच्या कडेलाच परत तुटते. म्हणून सेन्सरपासून आतल्या कप्लरपर्यंतचा अख्खा तुकडा बदलला, दोन्ही तारांचा पीळ तसाच ठेवला आणि नवी क्लिप टाकली. 1,400 त्याचे आहेत, मजुरी घेतलेली नाही.

मशीनचे 800 उगाच घेतले, हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. बाजारात मिळणारं स्वस्त मशीन बहुतेक वेळा एबीएस युनिटपर्यंत पोचतच नाही. आणि ते 800 रुपये नुसता कोड वाचायचे नाहीत. आधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी मोजली: गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट, 'रेडी'मध्ये (गाडी चालू केल्यावर) 14.1. इलेक्ट्रिक गाडीत हे पहिलं बघावं लागतं, कारण ही बॅटरी बसली की एबीएस, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), स्टेअरिंग असे तीन-चार दिवे एकदम लागतात आणि माणूस चाकाकडे शोधत बसतो. मग गाडी 20 आणि 40 च्या वेगानं चालवून चारही चाकांचा वेग मशीनच्या ग्राफमध्ये बघितला. बेअरिंगमधल्या चुंबकी रिंगला लोखंडाचा कीस चिकटला असेल तर रेघ मधेमधे तुटते. तुमच्या गाडीत ती थेट शून्यावर पडत होती. तेव्हाच वायरीचा संशय यायला पाहिजे होता, हेही कबूल.

'यांनी रीजन बिघडवलं, रेंज कमी झाली' हे आमच्या माथी मारू नका. (रीजन म्हणजे पाय काढल्यावर मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी थोडी चार्ज करते ते; रेंज म्हणजे एका चार्जवर गाडी जाते तेवढं अंतर.) चाक घसरतंय का हे एबीएसला कळेनासं झालं की बऱ्याच गाड्या रीजन स्वतःहून बंद करतात. पाय काढल्यावर गाडी आधीसारखी ओढत नाही ती म्हणूनच, आणि रेंजही त्यामुळंच घटते. दिवा गेला की रीजन परत येतं. दुरुस्तीनंतर लगेच दिवा दिसला तरी घाबरू नका. युनिट चारही चाकांचा वेग जुळतोय का हे बघतं, त्यासाठी गाडी थोडी चालवावी लागते.

हिशेब असा: सेन्सरचे 2,150 आणि पहिल्या दिवसाची मजुरी 600, मिळून 2,750 परत. नवा सेन्सर गाडीत राहू द्या. येताना बिल आणा, नसलं तरी गाडीचा नंबर आमच्या वहीत आहे. जुना सेन्सर पुडीत बांधून काउंटरवर ठेवलाय, तोही घेऊन जा, चालू आहे.

आणि एक. पिवळ्या एबीएससोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी चालवत आणू नका. आधी हँडब्रेक सुटलाय का आणि ब्रेक ऑइल किती आहे ते बघा. दोन्ही ठीक असून लाल दिवा जात नसेल तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते, मग ब्रेक जोरात दाबला तर गाडी मागून फिरू शकते. गाडी उचलूनच आणायची झाली तर चारही चाकं वर घेणाऱ्या गाडीवर आणा. तुमच्या गाडीची मोटर पुढच्या चाकांना आहे, ती जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका.