पुढारी व्हायचंय? मृगाकडे पाहा

पौषात हरभऱ्याच्या जागलीला वावरात जाताच ना? डुकरांपायी अर्धी रात्र जागायचीच आहे, तर पुढारी व्हायचं शिक्षणही उरकून टाका. लाइन गेली तर उलट जास्त स्पष्ट दिसतं.

जेवून मचाणावर चढाल तोवर मृग पूर्वेला बरंच वर आलेलं असतं. जूनमध्ये ज्याच्या नावानं आभाळाकडे डोळे लावता, तेच हे. तीन ताऱ्यांच्या बाणाच्या दक्षिणेला एक पुसट डाग दिसेल. तो सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा वायूचा ढग. आत बसलेत आपले गुरुजी, थीटा-१ ओरायनिस सी नावाचा तारा. वजन सूर्याच्या तीसपटीहून जास्त.

त्यांची रीत बघा. सामाईक ढगातून जन्म घ्यायचा, वाटा मोठा उचलायचा आणि पोट भरलं की इतरांची ताटं उधळायची. गुरुजींचा अतिनील प्रकाश हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉनही काढून घेतो. (आपल्याकडे निदान सातबारा तरी पाहतात.) उणे २५० अंशांखाली गारठलेला वायू दहा हजार अंशांवर तापतो, फुगतो, वाट मिळेल तिकडे पळतो. थंड वायू आकसला तर तारा होतो. तापलेला कसला होतोय! म्हणून असल्या ढगातला थोडाच माल ताऱ्यांच्या अंगी लागतो.

शेजारच्या लहान ताऱ्यांनी उद्याच्या ग्रहांसाठी धूळ-वायूची चकती राखलेली असते. तीही वाफाळून उडताना हबल दुर्बिणीनं टिपलीय. दुसऱ्याच्या बियाण्याला हात घालायला लाजाल, तर राहाल तिथंच.

एखादा दाट गोळा मात्र लवकर हटत नाही. त्याच्या सावलीतला वायू तगतो, खांब उभे राहतात. गरुड तेजोमेघ या दुसऱ्या अशाच ढगातल्या खांबांचा फोटो १९९५ मध्ये आला आणि जग म्हणालं, काय देखणं! झिजवून उरलेल्याचा फोटो चांगला येतो; बॅनरच्या कामी येईल.

खरी विद्या पुढे आहे. फुगलेला वायू ढगाची कड दाबतो, तिथं कधी कधी नवे तारे होतात. लगेच फलक ठोका, 'यांच्याच प्रयत्नांतून'. ते तारे तसेही झाले असते का, हे ठरवताना खगोलशास्त्रज्ञांचीही दमछाक होते. ग्रामसभेत कोण विचारणार?

गुरुजींचं आयुष्य मात्र जेमतेम काही दशलक्ष वर्षं. अध्यात ना मध्यात असलेला सूर्य दहा अब्जांचा मुक्काम ठोकून बसलाय. पण त्याचा वाढदिवस चौकात कोणी केलाय का?

थांबा, धुऱ्याकडे काहीतरी खसखसतंय. टॉर्च मारा आधी.